चाळणी कोणाच्या हातीं ?

ता. २१ जुलै २००८ या एका दिवसांत फ्रेंडफीड नांवाच्या एका लहानशा अमेरिकन कंपनीच्या यंत्रांनीं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचें दार एकोणतीस लाख वेळां ठोठावलें. प्रत्येक वेळीं प्रश्न एकच : अमक्यानें नवें छायाचित्र लावलें आहे काय ? ही चौकशी ४५,७५४ माणसांसंबंधीं चालली होती. आणि त्यांपैकीं त्या दिवशीं कांहीं नवें लावण्याचा संभव असलेलीं माणसें होतीं अवघीं ६,७२१. म्हणजे बहुतेक सर्व ठोठावणें फुकट गेलें. त्याच महिन्यांत भरलेल्या तंत्रज्ञांच्या एका परिषदेंत हा हिशेब मांडण्यांत आला, तो या पद्धतीचा उधळेपणा दाखविण्याकरितां. परंतु तोच हिशेब दुसऱ्या बाजूनेंहि वाचतां येतो. इतकें दार ठोठावूनहि फ्लिकरनें तें लावून घेतलें नव्हतें, हें त्या काळाचें खरें वैशिष्ट्य होय.

हा खटाटोप कशासाठीं होता, तें आधीं पाहिलें पाहिजे. मनुष्याचे सर्व स्नेही एका गांवीं राहत नाहींत, त्याप्रमाणें इंटरनेटवरहि ते एका ठिकाणीं राहत नव्हते. कोणी फ्लिकरवर छायाचित्रें लावी, कोणी ट्विटरवर एकशेंचाळीस अक्षरांत मनोगत सांगे, कोणी यूट्यूबवर चलच्चित्र ठेवी, तर कोणी आपल्या ब्लॉगवर, म्हणजे सर्वांस खुल्या असलेल्या रोजनिशींत, ऐसपैस लेख लिही. पांच मित्रांचें कुशल कळावें म्हणून वीस दारें हिंडावीं लागत, आणि त्यांतलीं अठरा बहुधा रिकामींच आढळत. तेव्हां हिंडण्याचें काम यंत्राकडे सोंपवावें, त्याला जें नवें सांपडेल तें त्यानें एका पानावर आणून मांडावें, आणि त्यांतून काय ठेवावयाचें व काय टाकावयाचें हें मात्र वाचणारानें ठरवावें, अशी ही कल्पना होती. मराठींत ‘निवडणें’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : अनेकांतून एक पसंत करणें, आणि ताटांत तांदूळ घेऊन खडे वेंचून काढणें. ‘रीडर’ या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या या साधनांचें काम दोन्ही अर्थांनीं निवडण्याचेंच होतें. धान्य सगळीकडून यावें, पण सूप आणि चाळणी घरच्या माणसाच्या हातीं असावी, एवढेंच त्यांचें म्हणणें. हें साधें म्हणणें किती अवघड ठरलें, हें गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासावरून दिसून येतें.

या इतिहासाचा आरंभ १९९९ च्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील नेटस्केप कंपनींत झाला. ‘माय नेटस्केप’ या पानावर ज्याला जीं संकेतस्थळें आवडतील त्यांचे मथळे त्याला एकत्र दिसावे, अशी त्या कंपनीची योजना होती. अडचण अशी कीं, संकेतस्थळें हजार आणि त्यांच्या मांडणीच्या तऱ्हाहि हजार. त्यांतील मथळा कोणता आणि जाहिरात कोणती हें यंत्राला कळावें कसें? रामनाथन् गुहा आणि डॅन लिबी यांनीं यावर काढलेली तोड अगदीं सरळ होती. प्रत्येक संकेतस्थळानें आपल्या सजविलेल्या पानाबरोबरच एक बिनसजावटीची यादीहि ठेवावी. तींत मथळा, दुवा आणि चार शब्दांचें वर्णन ठराविक खुणांनीं लिहावें. आणि नवें कांहीं प्रसिद्ध झालें कीं तें यादीच्या माथ्यावर चढवावें. मद्रासच्या आय. आय. टी. मधून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेल्या गुहा यांनीं याच धर्तीचें काम पूर्वीं ॲपल कंपनींत केलें होतें. या यादीच्या पद्धतीला आर. एस. एस. असें नांव पडलें. या तीन अक्षरांचा विस्तार पुढें दोनदां बदलला. नेटस्केप त्याच सुमारास अमेरिका ऑनलाइन या बड्या कंपनीच्या पोटांत गेली, आणि २००१ सालीं ‘माय नेटस्केप’नें या पद्धतीचा आश्रय काढून घेतला. पण तोंवर ती घराबाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती.

पुढचीं कांहीं वर्षें भाऊबंदकींत गेलीं. डिसेंबर २००० मध्यें एकाच नांवाच्या दोन पद्धति समोरासमोर उभ्या राहिल्या : एक डेव्ह वायनर या खटपटी आणि तितक्याच भांडखोर तंत्रज्ञाची, दुसरी त्याचें न पटणाऱ्या मंडळाची. या दुसऱ्या मंडळांत आरन स्वार्ट्झ नांवाचा जेमतेम चौदा वर्षांचा मुलगा बरोबरीच्या नात्यानें काम करीत होता, ही गोष्ट त्या काळच्या इंटरनेटविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते. २००५ च्या अखेरीस ‘ॲटम’ ही तिसरी पद्धति प्रमाण म्हणून मान्य झाली. हे तंटे तंत्रज्ञांपुरतेच राहिले. वाचणाराला त्यांची झळ लागली नाहीं. कारण रीडर तयार करणाऱ्यांनीं तिन्ही भाषा शिकून घेतल्या.

या यादीचे दोन गुण ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढें तेच तिचे वैरी ठरले. पहिला गुण असा कीं, ती वाचण्यास कोणाची परवानगी लागत नसे. दुसरा असा कीं, यादी ठेवणाराला ती घरीं बसून कोण वाचतो, किती वेळ वाचतो, वाचतांना कोठें रेंगाळतो, यांतलें कांहींच कळत नसे. वाचणाराला हें एकांताचें सुख होतें. जाहिरातीवर पोट भरणाराला मात्र तो आंधळा व्यवहार वाटला.

२००३ सालीं ब्लॉगलाइन्स हा रीडर निघाला, आणि ऑक्टोबर २००५ मध्यें गूगल रीडर आला. गूगलच्या नांवाचें वजन असें कीं, त्यापुढें बाकीचे रीडर हळूहळू मागें पडले. त्याचें पान दिसावयास रुक्ष होतें. तथापि त्यावर शेंकडों संकेतस्थळांचा मजकूर वाचलेला, न वाचलेला, राखून ठेवलेला, असा लावून ठेवतां येई. आवडलेलें पुढें स्नेह्यांकडे धाडतां येई, आणि त्याखालीं चार ओळी लिहितां येत. या शेवटच्या सोईचा जो उपयोग इराणांत झाला तो गूगलच्या कोणा अधिकाऱ्याच्या स्वप्नांतहि आला नसेल. तेथील सरकारनें जीं संकेतस्थळें बंद केलीं होतीं, त्यांचा मजकूर गूगलचें यंत्र परदेशांत वाचून आपल्या पानावर आणीत असे. आणि तें पान इराणांत उघडत असे. पाहतां पाहतां हा रुक्ष रीडर इराणी तरुणांची बैठक बनला. याहू कंपनीनें फेब्रुवारी २००७ मध्यें ‘पाइप्स’ नांवाचें एक नामी साधन काढलें. पडद्यावर नळाच्या तुकड्यांसारखी चित्रें जोडावयाचीं; एका टोंकाला चार यादींचे प्रवाह सोडावयाचे, मध्यें जाळी बसवावयाची, आणि दुसऱ्या टोंकाला हवें तेवढेंच पाणी घ्यावयाचें. ज्याला यंत्राची भाषा येत नाहीं त्यालाहि स्वतःची चाळणी विणतां यावी, असा हा प्रयत्न होता. तो आठ वर्षें टिकला.

याच काळांत चाळणीची दुसरी एक जात उदयास येत होती. ता. ५ सप्टेंबर २००६ रोजीं फेसबुकनें ‘न्यूज फीड’ सुरू केला. तोंवर फेसबुकवर स्नेह्याची खबर घ्यावयाची तर त्याच्या पानावर जावें लागे. आतां सर्वांच्या खबरा एकत्र होऊन ज्याच्या त्याच्या दारीं येऊं लागल्या. गंमत अशी कीं, जी सोय मिळावी म्हणून एरवीं लोक रीडर शोधीत होते, तीच न मागतां मिळाल्यावर ते खवळले. निषेधाकरितां निघालेल्या मंडळांत कांहीं दिवसांतच लाखों विद्यार्थी सामील झाले, आणि त्यांच्या निषेधाची वार्ता पसरविली ती न्यूज फीडनेंच ! संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनीं माफी मागून कांहीं झांकपाक करण्याची सोय दिली, आणि वादळ शमलें. त्या वादळांत खाजगीपणाचाच तेवढा प्रश्न पुढें आला. या पानावर काय वर येतें आणि काय खालीं जातें तें ठरवितो कोण, हा दुसरा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणी विचारला नाहीं.

फ्रेंडफीडची स्थापना या पार्श्वभूमीवर २००७ च्या ऑक्टोबरांत झाली. तिचे चौघे संस्थापक, पॉल बुखाइट, ब्रेट टेलर, जिम नॉरिस व संजीव सिंग, गूगलमधून बाहेर पडलेले होते. बुखाइट हे जीमेलचे जनक. टेलर व नॉरिस यांचा हात गूगल मॅप्सच्या उभारणींत होता. आर. एस. एस. चे रीडर लेख गोळा करीत. या चौघांनीं माणसें गोळा करण्याचें मनांत घेतलें. फ्रेंडफीडवर नांव नोंदविणारानें आपण कोठें कोठें लिहितों, छायाचित्रें कोठें लावतों, कोणतें गाणें ऐकतों, कोणतें पुस्तक यादींत टाकतों, तें एकदां सांगून ठेवावयाचें. चाळीसांहून अधिक ठिकाणांहून त्याच्या हालचाली वेंचून आणण्याचें काम मग यंत्राचें. स्नेह्यानें त्या एका प्रवाहाशीं नातें जोडलें कीं झालें.

तिची चाळणी खरोखर वाखाणण्याजोगी होती. एखादा मित्र लिहितो उत्तम, परंतु दिवसभर ऐकत असलेल्या गाण्यांची यादीहि पाठवितो. तर त्याचें लिखाण ठेवून तेवढीं गाणींच बंद करतां येत. ‘याच्या गोष्टी दाखवूं नको, पण कोणी त्यांवर अभिप्राय दिला असेल तर दाखव’, अशी सूचनाहि देतां येई. मंडळींचे गट पाडतां येत. घरचे एकीकडे, कामावरचे दुसरीकडे. मित्राच्या मित्राची एखादी गोष्ट मित्रानें वाखाणली तर ती आपोआप नजरेस पडे, त्यामुळें वर्तुळ रुंदावत राही. प्रत्येक गोष्टीखालीं चर्चा चाले, आणि एप्रिल २००९ पासून ती डोळ्यांदेखत पुढें सरकूं लागली. जीवशास्त्राच्या संशोधकांनीं येथें आपला अड्डा जमविला. एकमेकांच्या प्रयोगांतील अडचणी ते येथें सोडवीत. ऑक्टोबर २००७ मध्यें फ्रेंडफीडनें आणखी एक बारीकशी सोय दिली होती : मजकूर आवडला एवढेंच सांगावयाचें असेल तर एक खूण दाबावयाची, शब्द लिहावयास नकोत. तिचें नांव ‘लाइक’. फेब्रुवारी २००९ मध्यें त्याच नांवाची खूण फेसबुकवर उमटली. ही कल्पना आपल्याकडे आधींपासून शिजत होती, असें फेसबुकच्या माणसांनीं मागाहून सांगितलें, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण वाचकांच्या हातीं ती प्रथम कोणी दिली, याविषयीं वाद नाहीं.

आतां त्या एकोणतीस लाख ठोठावण्यांकडे वळावें. यादीच्या पद्धतींत मूळचाच एक दोष आहे : यादी बोलत नाहीं, तिला विचारावें लागतें. वाचणारा तासाभरानें विचारणार असेल तर कांहीं बिघडत नाहीं. पण मित्राचें छायाचित्र क्षणांत हवें असा आग्रह धरला, कीं यंत्राला रात्रंदिवस ‘आलें कां, आलें कां’ करीत बसावें लागतें. फ्रेंडफीडनें ऑगस्ट २००८ मध्यें यावर एक तोड सुचविली : प्रत्येक संकेतस्थळानें ‘गेल्या कांहीं क्षणांत कोणाकोणाचें पान बदललें’ याची एकच लहान टांचणी ठेवावी, म्हणजे हजारों दारें ठोठावण्याऐवजीं एकच फळा वाचून भागेल. पुढच्या वर्षीं गूगलमधील दोघांनीं याहून सरस योजना मांडली. तींत नवें कांहीं आलें कीं तें स्वतःच निरोप धाडी. तात्पर्य, तंत्राची अडचण सुटण्यासारखी होती आणि ती सुटतहि होती. ती सोडविण्याकरितां समोरच्या घराची इच्छा मात्र लागे. ती सद्भावना किती काळ टिकेल, याचा विचार त्या वेळीं कोणी गंभीरपणें केलेला दिसत नाहीं.

फ्रेंडफीडमध्यें उणें कांहींच नव्हतें असें नाहीं. नवख्या माणसाला तिचें पान म्हणजे आठवड्याच्या बाजारांतील गलका वाटे. चाळणी उत्तम असली तरी ती चालविण्याचे कष्ट घ्यावे लागत, आणि बहुसंख्य लोकांना कष्ट नको असतात. ही गोष्ट तिच्या भक्तांनीं कधीं मनावर घेतली नाहीं. ब्लॉग लिहिणारांची तक्रार निराळीच होती. लेख त्यांनीं लिहावा, आणि त्यावरील चर्चा मात्र परक्या ओसरीवर रंगावी, हें त्यांना रुचेना. तक्रार अगदींच गैर नव्हती. संग्राहक कितीहि सज्जन असला तरी तो दुसऱ्याच्या विहिरीवरचें पाणी आपल्या घागरींत भरतो. विहिरीच्या धन्याला केव्हां ना केव्हां तें खुपणारच.

ता. १० ऑगस्ट २००९ रोजीं फेसबुकनें फ्रेंडफीड विकत घेतली. वृत्तपत्रांत आलेली किंमत होती सुमारें पावणेपांच कोटी डॉलर. पैकीं बराच भाग फेसबुकच्या भागांच्या रूपानें. डझनभर माणसांच्या कंपनीला हा सौदा तोट्याचा खास नव्हता. टेलर पुढच्याच वर्षीं फेसबुकचे मुख्य तंत्राधिकारी झाले. फेसबुकनें कर्तबगार माणसें नेलीं आणि घर तसेंच उभें ठेवलें. अमेरिकन मंडळी पांगलीं. परंतु तुर्कस्तान, इटली आणि इराण येथील रहिवासी पुढें कित्येक वर्षें त्या ओसाड वाड्यांत दिवा लावून गप्पा मारीत बसत. नवी सोय होत नव्हती, मोडलेलें कोणी दुरुस्त करीत नव्हतें. ता. ९ एप्रिल २०१५ रोजीं वाडा पाडण्यांत आला. एक महिन्याची सूचना देण्यांत आली होती.

ज्यानें घर विकलें नाहीं त्याचें काय झालें, हें पॉवर व्हेंचर्स या कंपनीच्या खटल्यावरून कळतें. या कंपनीचें पॉवर डॉट कॉम हें संकेतस्थळ असें होतें कीं, त्यावर माणसाला आपलीं निरनिराळ्या समाजमाध्यमांवरील सर्व नातीं एका पानावर आणतां येत. त्याकरितां तो स्वतः आपल्या खात्याची किल्ली कंपनीला देई. डिसेंबर २००८ मध्यें तिनें एक भलतीच गोष्ट केली. शंभर नवे मित्र आणणाऱ्या पहिल्या शंभर जणांना शंभर शंभर डॉलरचें बक्षीस जाहीर करून त्याचीं निमंत्रणें तिनें फेसबुकच्या मार्गानें धाडलीं. फेसबुकनें ‘आमच्या आवारांत पाऊल टाकूं नका’ अशी लेखी ताकीद दिली आणि तिच्या यंत्रांचा पत्ता अडविला. कंपनी पत्ता बदलून पुन्हां आंत शिरली. वर्ष संपण्यापूर्वींच फेसबुकनें दावा गुदरला.

या खटल्यांतील मुद्दा वरवर दिसतो त्यापेक्षां खोल आहे. खातें माझें, मित्र माझे, किल्ली मींच दिली. मग मी पाठविलेल्या माणसाला अडविणारा घरमालक कोण, असा वापरणाराच्या बाजूचा प्रश्न होता. ता. १२ जुलै २०१६ रोजीं अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयानें त्याचें उत्तर दिलें. न्यायालयानें एक दृष्टांत योजिला. एखाद्याचे दागिने बँकेच्या तिजोरींत आहेत. ते उसने घेण्यास त्यानें मित्राला परवानगी दिली आणि किल्लीहि दिली. पण हा मित्र बंदूक घेऊन बँकेंत शिरला, तर बँक त्याला हांकलून देऊं शकते, आणि एकदां मज्जाव केल्यावर केवळ किल्लीच्या जोरावर त्याला पुन्हां आंत येतां येणार नाहीं. ताकीद मिळण्यापूर्वींच्या वर्तनाबद्दल न्यायालयानें कंपनीला संगणकविषयक फौजदारी कायद्याखालीं दोषी धरलें नाहीं. ताकिदीनंतरच्या वर्तनाबद्दल धरलें. निमंत्रणांच्या बाबतींतहि फेसबुकचें म्हणणें न्यायालयानें मानलें नाहीं. खालच्या न्यायालयानें २०१३ सालीं ठरविलेली तीस लाख डॉलरांहून अधिक भरपाई पुढें २०१७ सालीं ऐंशीं हजारांच्या आंत आली. पण तोंवर कंपनी केव्हांच बंद पडली होती. दृष्टांत चतुर खरा, तथापि त्यांत बंदूक कोणती हें शोधूं जातां हातीं लागतें तें एक बक्षिसाचें निमंत्रण !

दार लावून घेण्याच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, आणि तें टाळणें अन्यायाचें होईल. २०१८ सालीं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आलें. मनोविनोदाच्या एका प्रश्नावलीस थोड्या लोकांनीं उत्तरें दिलीं, आणि त्यांच्या परवानगीच्या आडून त्यांच्या मित्रांचीहि माहिती बाहेर गेली; हा आंकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असूं शकेल, असें फेसबुकनेंच कबूल केलें. मित्राची खबर ही केवळ ज्याला ती दिसते त्याची नसते, ज्याची ती असते त्याचीहि असते. आर. एस. एस. च्या यादींत बहुतेक जाहीर मजकूरच असे, म्हणून हा पेंच तेथें फारसा पडला नाहीं.

परंतु २०१२–१३ या दोन वर्षांत दारें भराभर लागलीं, तीं या विवंचनेमुळें नव्हेत. ट्विटरनें ऑगस्ट २०१२ मध्यें आपले नियम आवळले : बाहेरच्या माणसानें ट्विटर वाचण्याचें नवें साधन काढलें, तर एक लाख वापरणारांच्या पुढें जाण्यास त्याला ट्विटरची परवानगी घ्यावी लागेल. जून २०१३ मध्यें ट्विटरच्या आर. एस. एस. याद्या बंद झाल्या. ट्वीटडेक नांवाचें एक छान साधन लंडनच्या एका तंत्रज्ञानें २००८ सालीं बनविलें होतें. त्यांत ट्विटर, फेसबुक, मायस्पेस यांचे रकाने शेजारीं शेजारीं लावून वाचतां येत. ट्विटरनें तें २०११ सालीं विकत घेतलें, आणि दोन वर्षांनीं त्यांतला फेसबुकचा रकाना काढून टाकला. ता. १३ मार्च २०१३ रोजीं गूगलनें रीडर बंद करण्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं रोममध्यें नवा पोप निवडला गेला होता. पण इंटरनेटच्या कांहीं भागांत त्या वार्तेकडे कोणाचें लक्षच नव्हतें. लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. वापर घटत आहे, असें गूगलचें उत्तर. तो घटण्याचें एक कारण गूगलच्याच हातचें होतें : २०११ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीनें रीडरमधील देवघेवीची सोय काढून ती गूगल प्लस या आपल्या नव्या माध्यमाकडे वळविली होती, आणि इराणी बैठक त्याच दिवशीं मोडली होती. ता. १ जुलै २०१३ रोजीं रीडर बंद झाला. ज्या गूगल प्लसच्या पायीं त्याचा बळी गेला, तेंहि २०१९ सालीं सामान्य लोकांकरितां बंद करण्यांत आलें.

या सर्वांमागचें कारण पैशाचें होतें. या कंपन्यांचा माल म्हणजे वाचणाराची नजर. ती त्यांच्या अंगणांत खिळली तरच जाहिरात विकली जाते. मजकूर रीडरमधून बाहेर गेला कीं नजरहि बाहेर गेली. शिवाय चाळणी स्वतःच्या हातीं असली म्हणजे खड्यांच्या जागीं काय मिसळावें हेंहि स्वतःच ठरवितां येतें. २०१० सालीं फेसबुकनें आपल्या चाळणीचें सूत्र तंत्रज्ञांच्या सभेंत थोडक्यांत सांगितलें. लिहिणाराशीं जवळीक किती, मजकुराचा प्रकार कोणता, आणि तो किती शिळा, या तिहींच्या गुणाकारानें त्याची पायरी ठरे. त्यांतली जवळीक मोजण्याचें एक माप होतें तें ‘लाइक’. फ्रेंडफीडवर एका वाचणारानें दुसऱ्याला दिलेली दाद येथें तराजूंतलें वजन झाली. पुढें तें सूत्रहि मागें पडून चाळणी आपली आपण शिकणाऱ्या यंत्रांच्या स्वाधीन झाली, आणि तिचीं छिद्रें केवढीं आहेत हें बाहेरच्या माणसाला सांगतां येईनासें झालें.

२०२३ सालीं हीच गोष्ट नव्या मालकांच्या हातून पुन्हां घडली. जानेवारींत ट्विटरनें बाहेरचीं उरलींसुरलीं वाचनसाधनें एका रात्रींत तोडलीं, आणि नियमांतला बदल मागाहून कांहीं दिवसांनीं प्रसिद्ध केला. रेडिट या संकेतस्थळानें मजकूर बाहेर नेण्यास दर लावला, तो एवढा कीं, अपोलो हें लोकप्रिय साधन एकट्यानें चालविणाऱ्या तंत्रज्ञाचा वार्षिक खर्च त्याच्याच हिशेबानें दोन कोटी डॉलरांवर गेला असता. जूनअखेर त्यानें साधन बंद केलें. उलटपक्षीं, ब्लूस्काय या नव्या माध्यमानें त्याच वर्षीं मे महिन्यांत कोणालाहि स्वतःची चाळणी बनवून इतरांना वापरावयास देण्याची मुभा दिली. मॅस्टोडॉनसारखीं माध्यमें २०१८ सालीं प्रमाण ठरलेल्या एका सामायिक बोलीनें परस्परांशीं व्यवहार करतात, आणि त्यांवरील जाहीर लिखाणाची आर. एस. एस. यादीहि मिळते. एका पानावर निरनिराळ्या घरांचे प्रवाह आणणारीं साधनें त्यांच्या आधारें पुन्हां निघूं लागलीं आहेत. त्यांचे वापरणारे मोठ्या कंपन्यांच्या मानानें थोडे आहेत.

मूळच्या यादीला खरें दीर्घायुष्य लाभलें तें एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत. त्याच भाऊबंदकीच्या डिसेंबर २००० मध्यें वायनर यांनीं आपल्या पद्धतींत एक रकाना वाढविला होता, तो ध्वनिमुद्रित फीत यादीला जोडण्याचा. चार वर्षें त्याच्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. २००४ सालीं त्यांतून पॉडकास्ट जन्मास आला. जून २००५ मध्यें ॲपलनें त्याला आपल्या आयट्यून्समध्यें जागा दिली. आज जगांतील बहुसंख्य पॉडकास्ट, भाषणें, मुलाखती, कथावाचनें, याच यादीच्या वाटेनें घरोघर जातात, आणि ऐकण्याचें साधन ज्याचें त्याला निवडतां येतें. ऐकणाराला आर. एस. एस. हें नांवहि बहुधा ठाऊक नसतें. नवा भाग आला कीं यंत्र यादी वाचतें, आणि तो त्याच्या खिशांत येऊन पडतो.